वाट्याला आलेले पंधरा सेकंद

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या कुठल्याही सेक्टरमध्ये शाळेच्या वेळेला उभं राहिलं, की क्वार्टरांच्या जिन्यांतून गणवेशातली मुलं धावत उतरताना दिसतात आणि पाच मिनिटांत कानावर चार भाषा पडतात. रामकृष्ण पुरम हे पूर्ण नाव आता फक्त कागदावर उरलं आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली ही वसाहत. बदलीवर आलेली कुटुंबं इथे तमिळनाडूतून येतात, केरळातून येतात, तशीच साताऱ्याहून आणि अमरावतीहूनही येतात. म्हणून इथे दिल्ली तमिळ एज्युकेशन असोसिएशनची शाळा आहे, केरळ स्कूल आहे, केंद्रीय विद्यालयं आहेत आणि 1972 साली सुरू झालेलं दिल्ली पब्लिक स्कूलही आहे. मराठी माणसांनी चालवलेली नूतन मराठी शाळा मात्र दूर पहाडगंजला. त्यामुळे इथलं मराठी मूल घरात मराठी, जिन्यात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत दिवस काढतं, आणि ते त्याला जडही जात नाही.

जड जाते ती तोंडी परीक्षा. दिवसभर तोंड बंद नसलेलं मूल इंग्रजीच्या बाईंसमोर उभं राहिलं की दोन वाक्यांत संपतं. "घरी एवढी बडबड करते, मग तिथे काय होतं हिला?" हा प्रश्न आयांच्या तोंडी नेहमी असतो. त्याचं उत्तर मुलीच्या स्वभावात शोधलं जातं. लाजाळू आहे, घाबरट आहे, कॉन्फिडन्स नाही, असं म्हणून विषय मिटवला जातो. मला ते उत्तर पटत नाही. त्याआधी एक साधा हिशोब करून बघायला हवा.

तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात मुलं चाळीस. हजेरी, धडा, फळा आणि शिक्षकांचं बोलणं यांत पंचवीस मिनिटं गेली असं धरू. उरली दहा मिनिटं, म्हणजे सहाशे सेकंद. ती अगदी न्यायाने वाटली तरी एका मुलाच्या वाट्याला येतात पंधरा सेकंद. आठवड्यात सहा तास धरले तर दीड मिनिट. प्रत्यक्षात वाटणी न्यायाने होत नाही. पुढच्या बाकावरची पाच-सहा मुलं बाकीच्यांचे सेकंदही घेऊन जातात. पोहण्याच्या तलावात आठवड्याला दीड मिनिट उतरलेल्या मुलाची पोहण्याची परीक्षा आपण घेणार नाही. बोलण्याची मात्र घेतो आणि मग मुलालाच घाबरट ठरवतो.

या प्रकरणात मला एवढंच सांगायचं आहे, की इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची तयारी म्हणजे या पंधरा सेकंदांची पाच मिनिटं करणं. बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

तोंडी परीक्षा ही काही नवी टूम नाही. केंब्रिज विद्यापीठाने परदेशी लोकांसाठी इंग्रजीची पहिली मोठी परीक्षा 1913 साली घेतली. सगळे पेपर मिळून बारा तासांच्या त्या परीक्षेत तोंडी भागही होता. उमेदवार बसले तीन, आणि तिघेही नापास झाले. आज लहान मुलांसाठी केंब्रिजच्याच स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स अशा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीचं तोंडी तीन ते पाच मिनिटांत आटोपतं आणि नापास असा शेराच नसतो; मुलाला पाचपैकी किती ढाली मिळाल्या ते प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची बोलण्याची परीक्षा बारा पायऱ्यांची असते. पहिल्या पायरीला परीक्षक पाच मिनिटं बोलतो आणि शेवटच्या पायऱ्यांना पंचवीस.

आर. के. पुरमच्या बहुतेक मुलांचा संबंध येतो तो सीबीएसईच्या परीक्षेशी. ट्रिनिटीच्या सहकार्याने 2012-13 च्या सुमारास सीबीएसईने 'एएसएल' आणली, म्हणजे बोलण्याचं आणि ऐकण्याचं मूल्यमापन. तिची मूळ घडण चांगली विचारपूर्वक केलेली आहे. मुलं जोडीने आत जातात. आधी जुजबी ओळख, मग प्रत्येकाने आपल्या विषयावर थोडं बोलायचं आणि शेवटी दोघांनी एकमेकांशी चर्चा करायची. गुण चार गोष्टींना आहेत: दुसऱ्याशी संवाद साधता येणं, ओघ, उच्चार आणि भाषा. व्याकरण या चौथ्या खणात येतं. संवाद साधणं पहिलं आहे, हे घरोघरी भिंतीवर लिहून ठेवावं असं मला वाटतं, कारण आपण तयारी नेमकी उलट्या क्रमाने करतो.

आता गुणांचं बघू. नववी-दहावीत बोलणं आणि ऐकणं मिळून पाच गुण. अकरावी-बारावीत ऐकण्याला पाच, बोलण्याला पाच आणि प्रकल्पाला दहा. उरलेले ऐंशी लेखी. हे वीस गुण शाळेनेच द्यायचे असतात. मुलांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग बोर्डाकडे पाठवायची नाही, नोंदी मात्र निकालानंतर तीन महिने जपून ठेवायच्या, असं बोर्डाच्या अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. त्याच पानावर आणखी एक वाक्य आहे, आणि ते फारसं कोणी वाचत नाही: या कौशल्यांचा सराव वर्षभर चालावा.

गुण शाळेच्या हातात असले की ते हमखास मिळणार असं सगळेच गृहीत धरतात, आणि मग सराव होत नाही. महाराष्ट्राने हे जवळून पाहिलं आहे. राज्य मंडळाने दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले आणि मार्च 2019 मध्ये त्या विषयांची परीक्षा पूर्ण लेखी घेतली. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. राज्यभर ओरड झाली आणि पुढच्याच शैक्षणिक वर्षात 80-20 ची पद्धत परत आली. त्या उन्हाळ्यात गुणांवर खूप बोललं गेलं. पण तोंडी परीक्षा रद्द झाली म्हणून मुलांचं बोलणं कमी झालं का, हा प्रश्न चर्चेत जवळजवळ आलाच नाही. तोंडी परीक्षा सगळ्यांच्या दृष्टीने गुणांचा आधार होती. ती बोलायला शिकवते, असं कोणी मानलंच नव्हतं.

आता तयारीकडे येऊ. सेक्टर आठमधल्या एका क्वार्टरमध्ये राहणारी सातवीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला विषय निवडायला सांगितला, तर ती 'माय हॉबी इज रीडिंग' निवडते, कारण तो निबंध वहीत तयार आहे. दोन दिवसांत पाठ होतो. परीक्षेत ती घडाघडा सुरू होते आणि तिसऱ्या वाक्याला बाई विचारतात, "व्हिच बुक डिड यू रीड लास्ट?" मुलगी थबकते. निबंधात त्या पुस्तकाचं नाव नाही. पाठ केलेली साखळी मध्ये तुटली की पुढची कडी हाती लागत नाही, आणि पहिल्यापासून सुरू करायची सोय नसते. बाईंच्या कानालाही पाठांतर लगेच कळतं. पाठ केलेलं वाक्य एका सुरात येतं, जिथे श्वास संपतो तिथे थांबतं, आणि नजर वर छताकडे जाते.

हीच मुलगी रोज संध्याकाळी मदर डेअरीच्या बूथवर दूध आणायला जाते. टोकन टाकलं की यंत्राच्या नळीतून धार सुटते. किटली नीट धरली नाही तर दूध हातावर उडतं. एकदा रांगेत पुढे असलेल्या आजोबांची किटली भरत असतानाच वीज गेली होती. हे सगळं तिने पाहिलं आहे, त्याचा वास आणि गारवा तिला ठाऊक आहे. तिचा विषय हा. "आय पुट द टोकन. द मिल्क कम्स फास्ट. इट इज व्हेरी कोल्ड." वाक्यं लहान आहेत, पण तिची आहेत. बाईंनी काहीही विचारलं, तरी उत्तर तिच्या डोळ्यांसमोर आहे. वीज गेल्यावर काय झालं? रांगेत कोण होतं? यंत्र कधी बंद पडतं का? इथे ती अडली, तर शब्दासाठी अडेल. सांगण्यासारखं काही नाही म्हणून अडणार नाही. परीक्षकाला या दोन अडखळण्यांतला फरक कळतो.

विषय ठरला, की तो लिहून काढू नका. कागदावर पाच-सहा शब्द पुरे: टोकन, रांग, किटली, वीज, आजोबा. आणि मग एक युक्ती वापरा, जी जगभरच्या भाषाशिक्षकांना माहीत आहे आणि आपल्या घरांत अजून पोचलेली नाही. तिला 4-3-2 म्हणतात. कीथ मॉरिस यांनी 1983 मध्ये ती मांडली आणि न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी पुढे तिचा अभ्यास केला. एकच गोष्ट तीन वेगळ्या माणसांना सांगायची. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. सातवीच्या मुलीला चार मिनिटं जास्त होतील. तिच्यासाठी दोन, दीड आणि एक असं ठेवा. पहिल्यांदा आईला, मग बाबांना, मग समोरच्या क्वार्टरमधल्या मैत्रिणीला.

यात ऐकणारा बदलतो, म्हणून सांगण्याला अर्थ राहतो; नव्या माणसाला ते खरोखर नवं असतं. मजकूर तोच राहतो, म्हणून 'काय बोलू' याची चिंता पहिल्याच फेरीत संपते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत डोकं भाषेकडे वळतं. वेळ कमी होतो, म्हणून 'अं… मीन्स… लाइक' आपोआप गळतात. पहिल्या फेरीत "देन लाइट वेंट, सो मिल्क, ते… मिल्क स्टॉप" असं तुटक येणारं वाक्य तिसऱ्या फेरीत बहुधा "द लाइट वेंट अँड द मिल्क स्टॉप्ड" इतकं सरळ होतं. कोणी दुरुस्त केलेलं नसतं. तिनेच सांगता सांगता ते घासून घेतलेलं असतं. एकाच माणसाला तीनदा ऐकवण्याची चूक मात्र करू नका. त्याचं पुन्हा पाठांतर होतं.

या तिन्ही फेऱ्यांच्या आधी एक फेरी मराठीत व्हावी, असा माझा आग्रह आहे. रविवारी गावाकडे आजीला फोन होतोच. मदर डेअरीची गोष्ट आधी आजीला मराठीत सांगू द्या. गोष्ट कुठून सुरू करायची, वीज जाण्यापर्यंत ऐकणाऱ्याला कसं आणायचं, कुठे थांबायचं, हे सगळं भाषेच्या पलीकडचं कसब आहे. एका भाषेत आलं की ते दुसरीत उतरतं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये हा विचार मांडला आणि दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या शिक्षणात तो आजही पायाभूत मानला जातो. घरात इंग्रजीच बोला, मराठी बंद करा, असा सल्ला दिल्लीत मराठी कुटुंबांना सहज दिला जातो. तो ऐकू नका. ज्या मुलीला मराठीत दोन मिनिटं सलग सांगता येत नाही, तिला इंग्रजीत कोणती शिकवणी सांगायला लावणार?

उलट दिशेचा गैरसमजही आहे. मूल इंग्रजी कार्टून बघतं, इंग्रजी माध्यमात शिकतं, त्याला सगळं समजतं, म्हणजे बोलताही येईलच, असं वाटतं. मेरिल स्वेन यांनी कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून 1985 मध्ये यावर बोट ठेवलं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांची समज उत्तम झाली होती, बोलणं मात्र कच्चंच राहिलं होतं. त्यांना मोठं, सलग, नेमकं बोलायला लागेल अशी वेळच वर्गात फारशी येत नव्हती. कॅनडातली शाळा असो की दिल्लीतली, पंधरा सेकंदांचा हिशोब सारखाच लागतो.

आता मोठ्यांच्या वागण्याबद्दल. अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतलं संभाषण टेप करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात, दुसऱ्याला विचारतात किंवा प्रश्न बदलतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती ते प्रत्यक्ष करून बघा. फार लांब वाटतात. दुसऱ्या भाषेतलं वाक्य जुळवणाऱ्या मुलाला ते हवेच असतात. मूल गप्प आहे, म्हणजे त्याला येत नाही, असं नसतं. बरेचदा आतमध्ये वाक्य जुळत असतं आणि आपण घाईने ते मोडतो.

चूक दुरुस्त करण्याचंही तसंच. "आय डिडन्ट वेंट" म्हणताक्षणी "गो! डिडन्ट गो!" असं ओरडलं, की मुलीची गोष्ट तिथेच संपते. तिचं म्हणणं पुरं होऊ द्या आणि मग सहज म्हणा, "ओह, यू डिडन्ट गो? व्हाय?" तिला बरोबर रूप ऐकू गेलं, आणि बोलणंही पुढे सरकलं.

संवाद साधण्याला गुण आहेत असं वर म्हटलं. तिथे आपली मुलं सर्वांत जास्त मागे पडतात आणि त्याचं कारण इंग्रजीत नाही, ते आपल्या घरात आहे. आपण मुलांना उत्तर द्यायला शिकवतो, प्रश्न विचारायला शिकवत नाही. मोठ्यांना उलट विचारू नये, हा तर संस्कारच. ट्रिनिटीच्या सातव्या ते नवव्या पायरीवर एक भाग असा आहे, की परीक्षक आपली एखादी अडचण सांगतो आणि थांबतो. तिथून पुढचं संभाषण उमेदवाराने प्रश्न विचारून, सुचवून चालवायचं असतं. व्याकरण चोख असलेलं मूलही इथे हात बांधून उभं राहतं. एएसएलच्या जोडीतल्या चर्चेतही हेच दिसतं: एक मूल आपलं भाषण संपवतं, दुसरं आपलं सुरू करतं आणि दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. "व्हॉट डू यू थिंक?", "आय अग्री, बट…", "सॉरी, कुड यू रिपीट दॅट?" ही तीन वाक्यं तोंडात बसली तरी बराच पल्ला गाठला जातो. तिसरं वाक्य तर फारच मोलाचं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारणं ही कमतरता नाही, त्यालाही संवादच म्हणतात, हे मुलाला परीक्षेच्या आधी कोणीतरी सांगायला हवं.

याचा सराव कसा करायचा, ते आपल्याच देशात करून दाखवलेलं आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामं दिली: नकाशा वाचा, रेल्वेचं वेळापत्रक बघून कोणती गाडी घ्यायची ते ठरवा. मुलांचं लक्ष काम पुरं करण्यावर राहिलं आणि भाषा त्या ओघात आली. जगभरच्या भाषाशिक्षणात हा प्रयोग आज बंगलोर प्रोजेक्ट म्हणून शिकवला जातो. आर. के. पुरमच्या मुलांना तर हे काम दारातच आहे. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात मेट्रोचा नकाशा, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. दुसऱ्याला राजीव चौकला जायचं आहे. पहिल्याने इंग्रजीतून सांगायचं, की मजेंटा लाइनने हौज खासला उतर, तिथे यलो लाइन पकड. दुसऱ्याने विचारत विचारत कागदावर रेघ काढायची. रेघ चुकली तर कोण नीट बोललं नाही किंवा कोणी नीट विचारलं नाही, ते कागदच सांगतो.

मेट्रोत ऐकण्याचा सरावही फुकट होतो. शम्मी नारंग यांच्या आवाजातली हिंदी घोषणा आणि पाठोपाठ रिनी सायमन खन्ना यांची इंग्रजी. आधी अर्थ कळतो, मग तेच इंग्रजीतून स्वच्छ, संथ उच्चारांत ऐकू येतं. मुनीरका येईपर्यंत मुलाने ते वाक्य त्याच चढउतारांत म्हणून बघावं.

उच्चारांबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याची धास्ती गरजेपेक्षा जास्त आहे. विलायती ढंग कोणी मागत नाही. युरोपात भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या चौकटीच्या 2020 च्या सुधारित खंडातून मूळ भाषकाशी केलेली तुलनाच काढून टाकली गेली. बोललेलं ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, ही कसोटी. मराठी मुलाला तर आपल्या लिपीची मदत आहे. आपण 'विंडो' आणि 'व्हॅन' वेगळं लिहितो, म्हणजे इंग्रजीतले दोन 'व' आपल्या लेखनात आधीच वेगळे केलेले आहेत. हिंदीत दोन्हीकडे एकच 'व' येतो. 'बॅट' आणि 'बेट', 'कॉट' आणि 'कोट' हे फरकही आपल्या चंद्राने टिपलेले आहेत. काळजी घ्यायची ती आघाताची. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर आणि 'फोटोग्राफी'त तो 'टो'वर सरकतो. मराठीत अशा जोराने शब्द ओळखला जात नाही, म्हणून आपलं मूल सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतं आणि ऐकणारा चाचपडतो. महिन्याभरात असे तीसएक शब्द टाळी देत म्हटले तरी कान तयार होतो.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गातली ती दहा मिनिटं एकेकाला उभं करण्यात घालवू नका. चाळीस मुलांच्या वीस जोड्या करा आणि सगळ्यांना एकाच वेळी बोलू द्या. गलका होईल, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल, काही जोड्या हिंदीत किंवा तमिळमध्ये घसरतील. तरीही प्रत्येक मुलाच्या वाट्याला पंधरा सेकंदांऐवजी पाच मिनिटं येतात, आणि आठवड्याला दीड मिनिटाऐवजी अर्धा तास.

आणि आई-बाबांनो, आज संध्याकाळी मूल दूध घेऊन आलं की किटली हातातून घ्या आणि विचारा, आज रांगेत काय झालं. मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा, जमेल तसं विचारा. मग तीन सेकंद थांबा.